हिंवाळ्याची तालीम आणि जागच्या जागीं शर्यत



गेल्या मार्गशीर्षांतील एका पहांटेपासून आजच्या विषयाला आरंभ करतों. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याला लागून उंच इमारतींची जी रांग उभी राहिली आहे, तींतल्या एका वसाहतींत माझें घर आहे. वसाहतीच्या तळमजल्यावर कांचेच्या भिंतींचें एक व्यायामगृह असून माझ्या वयाचीं माणसें तें बहुधा बाहेरूनच पाहतात. मला मात्र डॉक्टरांच्या आज्ञेनें आंत जावें लागलें. तें कसें, हें ओघांत येईलच. आंत एक पंचविशींतला तरुण सायकल चालवीत होता. सायकलीचें मागचें चाक काढून तिचा सांगाडा एका लोखंडी यंत्रावर बसविलेला, समोर पंखा, आणि खालीं फरशीवर घामाचें थारोळें. अर्धा तास झाला तरी गडी वीतभरही पुढें सरकला नव्हता. "कोठवर आलास?" असें मीं थट्टेनें विचारलें. तो म्हणाला, "अठरा किलोमीटर झाले, सर. अजून धांवायचं राहिलं आहे."

त्याच्याकडून कळलें तें असें: त्याच्या चार मित्रांनीं माघांत एक शर्यत आपसांत ठरविली होती, आणि ती सर्वच्या सर्व छपराखालीं व्हावयाची होती. दहा मिनिटें तलावांत पोहणें, तीस मिनिटें जागच्या जागीं सायकल, आणि वीस मिनिटें फिरत्या पट्ट्यावर धांवणें. अमेरिकेंतील व्यायामगृहांतून हिंवाळ्यांत अशा शर्यती बऱ्याच होतात. एरवींच्या शर्यतींत अंतर ठरलेलें असतें आणि वेळ मोजतात. या शर्यतींत वेळ ठरलेला असतो आणि अंतर मोजतात. मला प्रथम हंसूं आलें. शर्यत म्हटली कीं कोठून तरी निघावें आणि कोठें तरी पोहोंचावें, अशी माझी समजूत. पुढें मात्र जुनीं पुस्तकें चाळतांना असें दिसून आलें कीं जागच्या जागीं घाम गाळण्याची ही विद्या आपल्याकडे मुळींच नवी नाहीं. मी इतिहासाचा विद्वान नव्हें; शालान्त परीक्षेपुढें माझें शिक्षण गेलें नाहीं. चौथीपर्यंतच्या मुलांना अफझलखानाचा वध शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. तेव्हां माझें हें बोलणें एका जिज्ञासु गृहस्थाचें टांचण म्हणून ऐकावें.

ट्रायथलॉन हा शब्द ग्रीक घडणीचा असला तरी खेळ कांहीं ग्रीक काळचा नव्हे. अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें मिशन बे या खाडीकांठीं २५ सप्टेंबर १९७४ रोजीं या नांवाची पहिली शर्यत झाली. तींत ४६ जण उतरले. पुढें हवाई बेटांत, पट्टीचा पोहणारा, सायकलस्वार कीं लांब पल्ल्याचा धांवपटू, यांत खरा दमदार कोण, असा वाद निघाला. जॉन कॉलिन्स या आरमारी अधिकाऱ्यानें आणि त्याच्या पत्नी जूडी यांनीं तो वाद वाचेनें मिटविण्याऐवजीं पायांनीं मिटवावा असें ठरविलें. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं १५ माणसें निघालीं आणि १२ पोहोंचलीं. सुमारें ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर धांवणें! २००० सालीं सिडनी येथें हा खेळ ऑलिंपिकमध्यें आला, परंतु माणुसकीचें अंतर ठेवून: दीड किलोमीटर, चाळीस आणि दहा. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनीं २०१५ सालीं वयाच्या पन्नासाव्या वर्षीं झुरिच येथें ती लांब शर्यत पुरी केली, तेव्हां घरोघरीं तिचें नांव कळलें. आणि २०१९ च्या ऑक्टोबरांत पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर तिच्या निम्म्या पल्ल्याची शर्यत भरली. छपराखालची शर्यत जगभर गाजली ती २०२० सालच्या महामारींत. रस्ते आणि किनारे बंद, म्हणून रॉटरडॅम शहरीं खेळाडूंनीं एका तलावाच्या कांठींच यंत्रें मांडलीं: दोनशें मीटर पोहणें, चार किलोमीटर सायकल, एक किलोमीटर पट्ट्यावर धांवणें, आणि हें सारें तीन वेळां.

परंतु युरोपांतील माणूस हिंवाळ्यांत घरांत शिरतो तो बर्फामुळें. रस्ता निसरडा, दिवस आंखूड, तलाव गोठलेला. आपल्या कोंकणांत निसर्गाचा क्रम अगदीं उलटा. आपल्याला घरांत कोंडतो तो पाऊस. आषाढापासून तालमींना जोर चढावा आणि नागपंचमीला कुस्त्या व्हाव्यात, ही जुनी रीत. हिंवाळा आला कीं दारें उघडतात. पौष-माघांत जत्रांच्या फडांतून कुस्त्यांची धामधूम. डिसेंबरांत मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्रांत पोहण्याच्या स्पर्धा. जानेवारींत मुंबईची मॅरेथॉन. शाळेंत हस्तकलेच्या तासाला आम्ही पतंग करीत असूं तेही याच दिवसांत. मग ठाण्यांतला हा मुलगा ऐन थंडींत कांचेच्या खोलींत कां बसला? याचें उत्तर जरा पुढें देतों, कारण त्या आधीं थंडी आणि व्यायाम यांचें नातें आपल्या पूर्वजांनीं कसें बांधलें होतें तें पाहणें मनोरंजक आहे.

वाग्भटानें अष्टांगहृदयांत व्यायामाचा काल सांगितला आहे. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानें थंडीच्या काळांत व वसंतांत व्यायाम करावा, आणि तोही अर्ध्या शक्तीनेंच. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. मर्यादा सोडणाऱ्यास तहान, क्षीणता, श्वास, खोकला, ज्वर अशी लांबलचक यादी त्यानें बजावली आहे, आणि अशा माणसाला हत्ती ओढूं पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. पण अर्धी शक्ति ओळखावी कशी? याचें उत्तर सुश्रुतानें दिलें आहे: हृदयांतला वायु मुखावाटे येऊं लागला, म्हणजे माणूस तोंडानें श्वास घेऊं लागला, कीं अर्धी शक्ति संपली असें समजावें. हें मीं त्या तरुणाला सांगितलें तेव्हां तो सायकलीवरून उतरलाच. त्याच्या शिक्षकानें त्याला हाच नियम घालून दिला होता, फक्त वेगळ्या शब्दांत: थंडीचे पहिले सहा-आठ आठवडे बहुतेक व्यायाम इतक्याच वेगानें करावयाचा कीं शेजाऱ्याशीं सबंध वाक्य बोलतां यावें. वाक्य तुटूं लागलें कीं वेग उतरवावयाचा. हा पाया झाला म्हणजे मग थोडा थोडा जोराचा व्यायाम. इतक्या शतकांचें अंतर, पण खूण तीच.

हेमंतांत अग्नि प्रदीप्त असतो असें आयुर्वेद म्हणतो. घरोघरीं डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी व तीळगूळ या ऋतूंत होतात त्याचें कारण हेंच. तालमींत जाणाऱ्या मुलाला आई पहांटे लोणी आणि भिजविलेले बदाम देई. आतां त्याच्या जागीं डब्यांतली भुकटी आली आहे. तिच्याविषयीं माझें मत मी राखून ठेवतों.

जुन्या तालमीचें वर्णन आजच्या मुलांना परीकथेसारखें वाटतें. दार इतकें ठेंगणें कीं आंत शिरणारानें वांकावेंच. खिडकी एखादीच, तीही उंच. वारा अंगावर येऊं नये म्हणून. कोनाड्यांत शेंदूर माखलेला मारुति, त्याच्यापुढें पणती. मधोमध हौदा, म्हणजे तांबड्या मातीची चौकोनी जागा. ती माती शेतांतून आणून नुसती ओतावयाची नसे. ती चाळून तींत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालीत, कांहीं ठिकाणीं कापूरही, आणि फावड्यानें ती रोज उकरीत. माती उकरणें हाच नवशिक्याचा पहिला व्यायाम. मग जोर, बैठका, जोडी फिरविणें, करेला, मुद्गल. हजार जोरांचा हिशेब खडे मांडून ठेवीत. माझे आजोबा सांगत कीं थंडींत तालमींत शिरतांना अंगावर कांटा येई आणि अर्ध्या घटकेंत त्याच अंधाऱ्या खोलींत पाठीवरून घामाच्या धारा लागत. व्यायाम संपल्यावर घाम वाऱ्यानें सुकवूं नये, अंगाला माती लावून बसावें, असा दंडक होता. म्हणजे छपराखालीं, वारा बंद करून, जागच्या जागीं शरीर तापविणें ही आपली जुनीच रीत. फरक एवढाच कीं आमच्या तालमींत घाम हवाहवासा होता, आणि आजच्या कांचेच्या खोलींत तो अडचणीचा झाला आहे. रस्त्यावरील सायकलस्वाराचा घाम समोरचा वारा वाळवितो व शरीर थंड राहतें. खोलींत तो वाराच नसल्यामुळें तितक्याच श्रमांत अंग अधिक तापतें आणि नाडी अधिक उडते. म्हणून पंखा, म्हणून हातरुमाल, म्हणून पाण्याची बाटली. ठाण्याच्या दमट हवेंत तर हें डिसेंबरांतही लागू आहे.

एकट्यानें सराव करण्याचें साधन म्हणावें तर आपला मल्लखांब. कुस्तीला जोडीदार लागतो. तो नेहमीं मिळतोच असें नाहीं. तेव्हां लाकडाचा गुळगुळीत खांब हाच प्रतिस्पर्धी समजून त्याला मिठ्या माराव्यात, तेढ्या घालाव्यात, ही कल्पना. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लास ग्रंथांत मल्लस्तंभाचा उल्लेख सांपडतो. पुढें ही विद्या मागें पडली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभट्टदादा देवधर यांनीं तिला पुन्हां जीव दिला. निजामाच्या पदरच्या अली आणि गुलाब या मल्लांचें आव्हान कोणी स्वीकारीना, तेव्हां तरुण बाळंभट्टांनीं तें घेतलें आणि त्याआधीं सप्तशृंगीच्या रानांत जाऊन खांबावर तयारी केली, अशी परंपरागत कथा आहे. कथा किती खरी तें शोधकांनीं पाहावें. तींतली गोम मला महत्त्वाची वाटते: लढत माणसाशीं, परंतु तयारी निर्जीव लाकडाशीं. जागेवर खिळविलेल्या सायकलीवर बसणारा आमचा तरुण दुसरें काय करीत होता?

शरीर कमावणें ही चैन नव्हे, कर्तव्य आहे, ही भावना महाराष्ट्रांत पुढें फार बळावली. लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष अभ्यास बाजूला सारून कुस्ती, पोहणें आणि व्यायाम यांना दिलें, ही गोष्ट आम्ही प्रत्येक पिढीच्या मुलांना सांगितली. (मुलें ती परीक्षेच्या तोंडावर आम्हांलाच परत ऐकवीत.) कोल्हापुरास शाहू महाराजांनीं मल्लविद्येला राजाश्रय दिला, तेथील खासबागेचें मैदान १९१२ सालीं तयार झालें. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलें, आणि त्या मंडळाच्या चमूनें १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांनीं जुम्मादादांच्या आखाड्यांतून सांघिक कवायतीला देशी हुकूम दिले. त्याच नगरींतून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनीं मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड संपादिले. दहा खंड! आज व्यायामावर दहा पानें कोणी सलग वाचील कीं नाहीं, शंका आहे.

मात्र या उज्ज्वल चित्राची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढें जाणें बरें नव्हे. त्या ठेंगण्या दारांतून आंत जाण्यास पैसा लागत नसे. वस्तादाला नारळ आणि मारुतीला तेल एवढें पुरे. परंतु बाईमाणसाला तेथें पाऊल टाकण्याची सोय नव्हती, आणि जे अस्पृश्य गणले जात त्यांना गांवोगांवच्या तालमींत बहुधा मज्जावच असे. म्हणून मला औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचें काम अधिक मोलाचें वाटतें. सूर्यनमस्काराला हौदा नको, वस्ताद नको, जोडीदार नको. सतरंजीएवढी जमीन असली कीं झालें. त्यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांतून तो सुरू केला, आणि स्त्रियांनींही तो करावा असा आग्रह धरला. १९३८ सालीं त्यांचें पुस्तक इंग्रजींत प्रसिद्ध झालें तें लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनीं संपादिलेलें होतें. तालीम जी गल्लींत होती ती त्यांनीं माजघरांत आणली. पावसाळा असो कीं हिंवाळा, घरांतल्या घरांत करावयाचा व्यायाम सर्वांसाठीं खुला झाला तो येथें.

लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून आसनें व प्राणायाम यांचा रक्तदाबावर, श्वासावर काय परिणाम होतो हें यंत्रांनीं मोजावयास आरंभ केला. क्ष-किरणांच्या साहाय्यानेंही त्यांनीं प्रयोग केले. आज मनगटावरचें घड्याळ नाडी सांगतें तेव्हां मुलांना तो साहेबाचा चमत्कार वाटतो. मोजमापाचा हा नाद आपल्या सह्याद्रींत शंभर वर्षांपूर्वीं लागला होता.

१९३८ सालीं कांदिवलीस शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठीं सरकारी संस्था निघाली, आणि शाळेच्या वेळापत्रकांत व्यायामाचा तास रुळला. येथें एक कबुली देतों. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वीस वर्षांत चौथीच्या शिष्यवृत्तीसाठीं मीं तो तास अनेकदां गणिताला घेतला. मुलें खिडकींतून मैदानाकडे पाहत आणि मी फळ्यावर काळ-काम-वेगाचीं उदाहरणें मांडीत असें. निकाल चांगले लागले. परंतु आतां त्यांतलीच कांहीं मुलें चाळिशींत मधुमेहाच्या गोळ्या घेतांना भेटतात आणि वांकून नमस्कार करतात, तेव्हां तो नमस्कार मला जड होतो.

आतां फिरत्या पट्ट्याकडे येऊं. व्यायामगृहांतील सर्वांत लोकप्रिय यंत्र तें, आणि त्याचा इतिहास सर्वांत विचित्र. विल्यम क्यूबिट हा इंग्रज अभियंता. बरी सेंट एडमंड्स येथील तुरुंगांत कैदी रिकामे बसलेले पाहून त्यानें १८१८ च्या सुमारास त्यांच्यासाठीं एक मोठें लाकडी चक्र योजलें. त्याला पायऱ्या; कैद्यानें एकामागून एक पायरी चढत राहावयाची आणि चक्रानें त्याला पुन्हां खालीं आणावयाचें. कोठें त्यावर धान्य दळीत, कोठें पाणी उपशीत, आणि कांहीं तुरुंगांत तर नुसतीच हवा ढवळीत. इंग्लंडांत १८९८ च्या कायद्यानें ही शिक्षा बंद झाली. ऑस्कर वाइल्ड या प्रसिद्ध लेखकाच्या नशिबीं ती येऊन गेली होती. ठाणेकरांना हें वाचतांना आपला किल्ला आठवेल. पोर्तुगीजांनीं १७३० सालीं बांधावयास घेतलेला तो किल्ला १७३७ सालीं मराठ्यांनीं आणि १७७४ सालीं इंग्रजांनीं घेतला. १८३३ पासून त्याचा तुरुंग झाला. १९११ सालीं अंदमानाच्या वाटेवर सावरकरांना त्याच तुरुंगांत ठेवलें होतें, आणि अंदमानांत त्यांना कोलूला जुंपलें. गोल गोल फिरावें आणि कोठेंही पोहोंचूं नये, ही त्या काळीं शिक्षेची परमावधि होती. आज त्याच फिरण्यासाठीं महिन्याची वर्गणी भरतात.

चक्राचा पट्टा झाला तो दवाखान्यांत. अमेरिकेंतील सिअॅटल येथें १९५२ सालीं डॉक्टर रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनीं हृदयाच्या परीक्षेसाठीं विजेवर चालणारा पट्टा तयार केला. दर तीन मिनिटांनीं त्याचा वेग आणि चढ वाढवावयाचा आणि हृदयाचा आलेख पाहावयाचा, ही ब्रूस यांची पद्धति आजही चालते. मला व्यायामगृहांत नेणारी हीच. गेल्या दिवाळीनंतर जिना चढतांना छातींत जडपणा वाटला, म्हणून मुलानें मला तपासणीस नेलें. छातीवर तारा चिकटवून मला पट्ट्यावर उभें केलें. पहिलीं तीन मिनिटें मजेंत गेलीं, दुसऱ्या तिहींत मी गप्प झालों, आणि तिसऱ्यांत सुश्रुताची खूण पटली. दुखणें मोठें निघालें नाहीं, परंतु रोज चाळीस मिनिटें चालण्याची आज्ञा झाली. घरगुती पट्टा बाजारांत आणला तो न्यू जर्सीच्या विल्यम स्टॉब या यंत्रज्ञानें, केनेथ कूपर यांचें १९६८ सालचें व्यायामावरील पुस्तक वाचून. धांवणाऱ्यांसाठीं एक बारीक गोष्ट: खोलींत समोरचा वारा कापावा लागत नाहीं, म्हणून पट्ट्याला शेंकडा एक चढ दिला तर श्रम साधारण रस्त्याइतके होतात.

सायकलीविषयीं थोडक्यांत. दोन चाकांची गाडी जन्मास येण्यापूर्वींच जागच्या जागीं हातपाय चालविण्याचें यंत्र जन्मलें होतें! फ्रान्सिस लाउंड्स या इंग्रजानें १७९६ सालीं तशा यंत्राचा हक्क नोंदविला, आणि ड्राइस या जर्मन सरदाराची पायानें ढकलावयाची दुचाकी आली ती १८१७ सालीं. आपल्याकडचें उदाहरण द्यावयाचें तर मुंबईच्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबच्या पारशी तरुणांचें. खोलींत वजनें उचलणारे सहा जण १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ च्या मार्चांत परतले. खोलींतून रस्त्यावर, असा त्यांचा प्रवास. आमच्या तरुणाचा प्रवास उलट दिशेनें झाला आहे.

तो कां, हें आतां सांगतों. घोडबंदर हें नांवच प्रवासाचें आहे. उल्हास नदीच्या मुखाशीं पोर्तुगीजांच्या काळीं घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. त्यांचा किल्ला तेथें अजून आहे. माजिवड्यापासून त्या बाजूला जाणारा रस्ता एका अंगास येऊरचें रान आणि दुसऱ्या अंगास खाडी घेऊन जातो. त्यावर आतां गुजरातकडे जाणारीं अवजड वाहनें, मेट्रोचे खांब, उड्डाणपूल आणि खड्डे. थंडींत वारा पडतो, गार हवा खालीं बसते आणि धूळ व धूर तिच्याबरोबर जमिनीलगत साठून राहतात. ज्या ऋतूंत वाग्भट व्यायाम करा म्हणतो, त्याच ऋतूंत या रस्त्यावर खोल श्वास घेणें बाधतें. माझा मुलगा चार वर्षांपूर्वीं पहांटे सायकलीनें गायमुखाकडे जात असतांना पाण्यानें भरलेल्या खड्ड्यांत गेला. मागून येणारा मालवाहू ट्रक वेळेवर थांबला म्हणून गळपट्टीच्या हाडावर निभावलें. त्याच्या आईनें ती सायकल गच्चीवर नेऊन ठेवली, ती आजतागायत खालीं आली नाहीं. तेव्हां आमच्या तरुणास मी हंसणें सोडून दिलें.

त्याची तयारी मीं दोन महिने पाहिली. आठवड्यांत दोनदां तो गांवांतल्या तलावावर पोहावयास जाई. डिसेंबराचें पाणी पहिल्या दोन फेऱ्यांत हाडें गोठवितें म्हणे. तीनदां सायकल, तीनदां पट्टा. शनिवारीं सायकलीवरून उतरून लागलींच पट्ट्यावर. यांतच खरी मेख आहे. सायकलीनें मांड्या एका तऱ्हेनें कामाला लागलेल्या असतात. उतरल्यावर पहिलीं पांच मिनिटें पाय लांकडासारखे होतात, आपले वाटतच नाहींत. ती पांच मिनिटें सरावानेंच आंखूड होतात.

त्याच सुमारास एक दुसरी धांवणारी मला दिसली. आमच्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची मुलगी पोलीस भरतीची तयारी करीत होती. मुलींना आठशें मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेंक. ती साडेचारला, रहदारी वाढण्यापूर्वीं, तोंडाला ओढणी बांधून सेवारस्त्यावर धांवे, आणि बाप फाटकांतून विजेरीचा झोत तिच्या वाटेवर धरून उभा राही. कांचेच्या आंत त्या वेळीं सहा पट्टे रिकामे असत. मीं वसाहतीच्या सभेंत विषय काढला. एक गृहस्थ म्हणाले, आज एकीला दिलें तर उद्यां सगळे मागतील. दुसरे म्हणाले, यंत्र बिघडलें तर भरपाई कोणी द्यावयाची? मीं तालमीच्या ठेंगण्या दाराची गोष्ट सांगितली. ती कोणास फारशी पटलेली दिसली नाहीं. अखेर तो सायकलवाला तरुण उठला आणि म्हणाला, "माझ्या नांवावर येऊं द्या तिला. मी साडेपांचपर्यंत येतच नाहीं." भरती होईपर्यंत परवानगी मिळाली, लेखी.

पहिल्या दिवशीं ती चपला बाहेर काढून अनवाणीच आंत आली. मीं दाखविलें तसें पट्ट्यावर पाय ठेवला आणि दोन्ही दांड्या घट्ट धरल्या. चार मिनिटांनीं दांड्या सोडल्या. दहा मिनिटांनीं पट्टा थांबवून तिनें मला विचारलें, "सर, यावर आठशें मीटर झाले हें कोणी धरील का? तिथं तर मैदानावर घेतात." मीं सांगितलें, आठवड्याला पांच दिवस येथें दम वाढीव आणि दोन दिवस मैदानावर जा, वळण घेणें आणि सुटतांना पहिलीं पावलें टाकणें पट्टा शिकवीत नाहीं. तेव्हांपासून रविवारीं आणि बुधवारीं मी तिच्या वडिलांबरोबर पालिकेच्या मैदानाच्या कडेला घड्याळ धरून उभा असतों. तीन मिनिटें चौदा सेकंदांपासून ती तीन मिनिटें एका सेकंदापर्यंत आली आहे. चाळीस मिनिटें चालण्याची माझी आज्ञा मी त्याच मैदानाच्या फेऱ्यांनीं पुरी करतों. भरतीची तारीख अद्याप लागावयाची आहे.